औषध होते, हात नव्हता

पनवेलहून धोदाणीकडे, माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी जाणाऱ्या रस्त्यावर नेरे लागते. गाढी नदीचे खोरे, भाताची खाचरे, वरच्या अंगाला ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, आणि अलीकडे ‘नैना’च्या, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राच्या, नगररचना योजनेत आलेल्या जमिनींवर चढत चाललेल्या इमारती, असा हा मुलूख. महाराष्ट्राला नेऱ्याचे नाव माहीत झाले ते शांतिवनामुळे. कातडीवर चट्टे उठले म्हणून घराबाहेर काढलेल्या माणसांना कुष्ठरोग निवारण समितीने इथे उपचार, काम आणि घर दिले. त्वचेचा रोग आणि समाजाचे वागणे यांचा एकत्र विचार करायला ही जागा म्हणूनच योग्य आहे. या लेखाचा विषय मात्र त्याच रस्त्याच्या कडेला बसलेला दुसरा रोगी आहे. अंगावरचे केस गेलेले, कातडी राखाडी पडलेली, रात्रंदिवस खाजवत राहणारे लुतीचे कुत्रे. त्याच्याविषयी मला एकच गोष्ट सांगायची आहे. त्याच्या खाजेवरचा उपाय या भागात पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. तो कुत्र्यापर्यंत पोचला नाही, कारण त्यासाठी दोन-तीन आठवडे त्याला पुन:पुन्हा धरून औषध चोळणारा माणूस लागत होता, आणि आळीच्या कुत्र्याला असा माणूस कधी कुणी नेमून दिला नव्हता.

खाज हा एकच रोग नाही, हे आधी सांगून टाकायला हवे. पिसवा झाल्या की कमरेवर आणि शेपटीच्या बुडाशी केस जातात. गोचिडी कानाच्या आत आणि पंजाच्या बेचक्यांत ठाण मांडतात. पावसाळ्यात अंग दिवसदिवस ओले राहिले की बुरशी आणि जिवाणू माजतात आणि कातडीला आंबूस वास येऊ लागतो. पण लूत म्हटल्यावर जे कुत्रे डोळ्यांपुढे उभे राहते, ते बहुधा सारकोप्टिस नावाच्या किडीने पछाडलेले असते. ही कीड कोळ्यांच्या वर्गातली, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा पोखरते, त्यातच अंडी घालते, आणि अंड्यापासून अंडी घालणाऱ्या पुढच्या मादीपर्यंतचा फेरा साधारण तीन आठवड्यांत पुरा होतो. सुरुवात कानाच्या कडांपासून आणि कोपरांपासून होते. कानाच्या पाळीची कड दोन बोटांत धरून हलके चोळली की पुष्कळदा त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागतो. पशुवैद्य आजही ही खूण पाहतात. पुढे पोट, छाती, मांड्या सोलवटतात, कातडी जाड होऊन तिला सुरकुत्या पडतात, खपल्यांखाली पू धरतो. खाजवण्यात झोप जाते, झोपेविना अंग झिजते आणि झिजलेल्या अंगावर कीड अधिक फोफावते. याच रूपाचा दुसरा रोग डेमोडेक्स या किडीचा. ती आईकडून पिलाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मिळते, बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर निमूट राहते आणि प्रतिकारशक्ती ढासळली तरच डोके वर काढते. पहिला रोग कुत्र्याकडून कुत्र्याला लागतो, दुसरा तसा लागत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून एकावरचा उपाय दुसऱ्यावर फसला की लोक औषधालाच नावे ठेवतात.

कीड डोळ्यांनी पाहिलेली नसली तरी औषध हाताशी असू शकते. माणसाच्या खरजेमागे कीड आहे, हे बोनोमो आणि चेस्तोनी या दोन इटालियन संशोधकांनी १६८७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहिले. त्याच्या कितीतरी आधी चरकसंहितेने खाज घालवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गणच सांगितला होता आणि त्यात करंज आणि कडुनिंब दोन्ही आहेत. कोकणात करंजासाठी दूर जावे लागत नाही. ओढ्यांच्या, खाड्यांच्या काठाने तो आपणहून वाढतो. करंजेल तेल दिव्यात जळे, गुरांच्या जखमेवर लागे आणि माणसाच्या खरजेवरही. गंधक तर रसशास्त्राचे मुख्य द्रव्य. खोबरेल तेलात खललेला गंधक हा घरोघरचा उपाय होता. खुद्द पनवेल हे औषधांचे गाव. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये तिथे धूतपापेश्वर या आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्याचा पाया घातला. पलीकडे मुंबईत परळला १८८३ मध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई पेटिट जनावरांचा दवाखाना उभा राहिला आणि १८८६ मध्ये त्याच्याच आवारात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांनी कुत्र्यांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो १८८८ मध्ये छापून निघाला. म्हणजे एकोणिसावे शतक संपता संपता नेऱ्याच्या एका अंगाला आयुर्वेदाचा कारखाना आणि खाडीपलीकडे, गलबताच्या टप्प्यात, कुत्र्यांच्या रोगांचे पाठ्यपुस्तक लिहिणारे महाविद्यालय होते. ज्ञान दूर होते, असे म्हणायला जागा नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही जुनी औषधे मुळात कुचकामी होती; ती कुत्र्यापर्यंत पोचली असती तरी काही फरक पडला नसता. आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर माणसाच्या खरजेत सापडते. माणसाची खरूज आणि कुत्र्याची लूत एकाच किडीच्या दोन उपजातींमुळे होतात. माणसाच्या खरजेवर गंधकाचे मलम सलग काही रात्री, मानेपासून पायापर्यंत, एकही जागा न सोडता चोळले तर ती बरी होते. तान्ह्या मुलांना आणि गरोदर बायकांना त्वचारोगतज्ज्ञ आजही ते देतात. कुत्र्यांसाठी चुना आणि गंधक एकत्र उकळून केलेले द्रावण जगभरच्या पशुवैद्यकात अजून वापरात आहे. कस औषधात होता. पण ते अंड्यांवर पुरते चालत नाही. राहिलेली अंडी फुटून बाहेर पडणारी पिढी गाठायची तर काही दिवसांनी तेच पुन्हा करावे लागते, आणि मग पुन्हा. शिवाय कुत्रे तेल चाटून टाकते. ते चाटू नये म्हणून कुणीतरी जवळ बसावे लागते. आळीतल्या एकाच कुत्र्याला औषध केले आणि त्याच्याशेजारी राखेत झोपणारी बाकीची तशीच सोडली, तर पंधरवड्यात सारे मूळ पदावर येते. म्हणजे औषधाची अट होती ती मनुष्यबळाची. रोज सापडणारे कुत्रे, ते धरू देणारे कुत्रे आणि त्याला धरायला तयार असलेला माणूस, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच गंधक गुण देणार.

त्या जुळत का नव्हत्या, याचे उत्तर आपल्या चालीरीतींत आहे. आपल्या परंपरेने कुत्र्याला उपाशी ठेवले नाही. श्राद्धाच्या पंचबलीत एक घास कुत्र्याचा असतो. खंडोबाच्या पायाशी कुत्रे आहे, दत्ताच्या भोवती चार आहेत. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नकोस म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा शाळेतल्या पोरालाही माहीत असते. त्या कथेतली करुणा मला खरी वाटते, आणि तिने कित्येक पिढ्यांना कुत्र्यापुढे घास टाकायला शिकवले आहे. पण रोजच्या व्यवहारात ही करुणा घास टाकण्यापाशी थांबली. घास दुरून टाकता येतो. सोवळ्या घरांत कुत्र्याचा स्पर्श झाला तर अंघोळ करण्याची चाल होती, मग पू वाहणाऱ्या लुतीच्या कुत्र्याला मांडीशी घेऊन तेल चोळणे ही कल्पनाही कुणाच्या मनात येणे कठीण. याला अपवाद होता, तो कामाच्या कुत्र्यांचा. कळपामागे चालणारे धनगराचे कुत्रे, सशा-डुकरांच्या शिकारीला नेले जाणारे कातकऱ्याचे कुत्रे, यांना नाव होते, मालक होता आणि त्यांचे अंग पाहणारी नजर होती. ज्याच्या जिवावर शिकार किंवा राखण अवलंबून आहे त्या कुत्र्याला गोचीड लागली तर ती काढली जाई. आळीचे कुत्रे सगळ्यांची राखण करी, आणि म्हणूनच कुणा एकाचे नव्हते. सगळ्यांनी मिळून त्याला भाकरी दिली, कारण भाकरी वाटून देता येते. पंधरा दिवसांची शुश्रूषा तशी वाटून देता येत नाही. आज मी चोळीन, उद्या तू चोळ, असे ठरवायला एक व्यवस्था लागते, आणि ती गावाने पाणवठ्यासाठी, देवळासाठी, जत्रेसाठी उभी केली. कुत्र्यासाठी केली नाही.

सरकारनेही केली नाही. मुंबई इलाख्याच्या कागदपत्रांत कुत्रा भेटतो तो चावणारा म्हणून किंवा मारायचा म्हणून. मुंबई शहरात १८१३ च्या नियमाने वर्षातल्या ठरावीक काळात मोकाट कुत्री मारण्याची मुभा होती. १८३२ मध्ये ती मुदत वाढवली गेली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम असल्याने शिपाई घराच्या ओट्यावरची पाळीव कुत्रीही मारू लागले. ६ जून १८३२ रोजी पारशी समाज त्याविरुद्ध रस्त्यावर उतरला आणि दंगल उसळली. पारशांचा संताप समजण्याजोगा होता. त्यांच्या धर्मग्रंथांपैकी वेंदिदादात कुत्र्याला अन्न देण्याचेच नव्हे, आजारी कुत्र्यावर माणसाइतक्याच काळजीने उपचार करण्याचे कर्तव्य सांगितले आहे. पुढे अर्ध्या शतकाने परळचा दवाखाना एका पारशी घराण्याच्या पैशातून उभा राहिला, ही साखळी मला महत्त्वाची वाटते. जिथे उपचार हे कर्तव्य मानले गेले तिथे दवाखाना आला. पण तो दवाखाना झाला तरी तिथे पोचायला कुत्र्याला कुणीतरी नेणारे हवेच होते. नेऱ्याच्या बाजूच्या कुत्र्याची तर मोजदादही नव्हती. पनवेल तालुका ज्या जिल्ह्यात होता त्या ठाण्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरात नांगर, गाड्या, बैल, गायी, म्हशी, घोडे, शेळ्या-मेंढ्या यांची गणती दिली आहे. पनवेलच्या गाडीच्या चाकांचा नावाजलेला धंदाही तिथे नोंदला आहे. कुत्रा शेतीच्या मत्तेत बसत नव्हता, म्हणून तो आकड्यांत आला नाही. मोजदाद झाली ती फार पुढे. २०१९ च्या पशुगणनेने देशातल्या मोकाट कुत्र्यांची संख्या सुमारे दीड कोटी सांगितली.

विसाव्या शतकात औषधांची जागा रसायनांनी घेतली, आणि या काळाचा इतिहास मला सर्वांत दु:खद वाटतो. १९४० च्या दशकात गॅमेक्सिन आणि डीडीटी आले. गॅमेक्सिनची पांढरी भुकटी गोठ्यांत, खाटांखाली, धान्याच्या कणग्यांभोवती पडली, तशी कुत्र्यांच्या अंगावरही पडली. पनवेलच्या आग्नेयेला रसायनीत पुढे हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा डीडीटीचा कारखाना चालला. कीटकनाशक ही या भागाला लांबची वस्तू राहिली नाही. भुकटीचा मोठा गुण असा की ती दुरून टाकता येते. तिचा दोष असा की कुत्रे स्वत:ला चाटते आणि ती पोटात जाते. गॅमेक्सिनचे मूळ रसायन बीएचसी, त्यावर भारतात १९९७ मध्ये बंदी आली. पण तोवर दुसरा उपाय रुजला होता, आणि तो आजही सर्रास चालतो: गॅरेजमधून आणलेले जळके इंजिन ऑइल. लुतीचे कुत्रे ओट्याशी येऊन बसले की डबाभर काळे तेल त्याच्या पाठीवर ओतायचे. तेलाने काही किडी गुदमरून मरतातही, म्हणून आठवडाभर बरे वाटते आणि समज पक्का होतो. पण त्या तेलात जड धातू आणि विषारी संयुगे असतात. उघड्या पडलेल्या कातडीतून आणि चाटण्यातून ती शरीरात जातात, कातडी भाजते, उन्हात अंग तापते, कुत्रे खंगते. फिनाइलचे पाणी, रॉकेल, तंबाखूचा काढा यांची गोष्ट हीच. हे उपाय लोकांनी क्रूरपणे निवडले असे मला वाटत नाही. ओतणाऱ्याच्या मनात बहुधा दयाच असते. पण यादीवर नजर टाकली तर त्यातला प्रत्येक उपाय हात न लावता, एकदाच, चार हातांवरून करता येण्यासारखा आहे. गंधक-खोबरेल मागे पडले आणि इंजिन ऑइल टिकले, याचे कारण गुणात नाही. त्या अंतरात आहे.

दुसरा आक्षेप हवामानाचा. पनवेलच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने आभाळ फाटल्यासारखे असते, माथेरानच्या उतारावरून पाणी थेट गाढीत येते, अंग वाळतच नाही. मग कातडीचे रोग होणारच, त्यात माणसाच्या वागण्याचा काय संबंध? यात निम्मे सत्य आहे. ओलाव्याने बुरशी वाढते, पावसाळ्याच्या आगेमागे गोचिडी आणि पिसवा वाढतात, आणि यजमानाच्या अंगाबाहेर पडलेली लुतीची कीडही दमट गारव्यात अधिक दिवस तग धरते. पण पाऊस घरात पाळलेल्या कुत्र्यावर आणि रस्त्यावरच्या कुत्र्यावर सारखाच पडतो. तरी अंगभर लूत पसरलेले, केस पुरते गेलेले कुत्रे आज दिसते ते बहुतेक करून रस्त्यावरच. हवामान रोगाला आमंत्रण देते. रोग अंगभर पसरेपर्यंत तिथेच राहू देणे ही हवामानाची करणी नाही.

इथे शांतिवनाकडे पुन्हा वळायला हवे, आणि ते जपून. माणूस आणि कुत्रा यांना मी एका मापाने मोजत नाही. कुष्ठरोग्यांनी सोसले ते मुलाबाळांपासून तोडले जाण्याचे, नावागावाला मुकण्याचे दु:ख होते. त्याची तुलना कशाशीच होऊ शकत नाही. मला इथे फक्त उपचार पोचवण्याच्या रीतीविषयी बोलायचे आहे, कारण त्या बाबतीत कुष्ठरोगाचा इतिहास फार शिकवणारा आहे. सरकारचे पहिले पाऊल तिथेही दूर ठेवण्याचेच होते. मुंबईत १८९० मध्ये अ‍ॅकवर्थ आश्रम निघाला आणि १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्यांना आश्रमात डांबण्याची मुभा मिळाली. १९४० च्या दशकात डॅप्सोन हे खरे औषध सापडले. पण ते वर्षानुवर्षे, कित्येकांना जन्मभर, रोज घ्यायचे होते. ज्याला घरातून काढले आहे, जो आज या देवळाशी तर उद्या त्या धर्मशाळेत आहे, त्याच्यापर्यंत रोजची गोळी पोचणार कशी? गोळ्या चुकत गेल्या आणि जंतू औषधाला दाद देईनासे झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांची ठरावीक मुदतीची उपचारपद्धती सुचवली. तिची खुबी केवळ रसायनांत नव्हती. महिन्यातून एक मोठी मात्रा आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत घ्यायची आणि बाकीच्या गोळ्या दिवसागणिक पाकिटात बांधून द्यायच्या, अशी ती व्यवस्था होती. औषध रोग्यापर्यंत पोचले की नाही हे पाहण्याची जबाबदारी प्रथमच कुणा एका माणसावर पडली. २००५ च्या अखेरीस, दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण या निकषावर, भारताने राष्ट्रीय पातळीवर हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून आटोक्यात आल्याचे जाहीर केले. रोग संपला नाही, नवे रुग्ण आजही सापडतात. पण डॅप्सोन हाती असतानाही जे चार दशकांत जमले नव्हते ते जमले.

कुत्र्याच्या बाबतीत असेच वळण दोन बाजूंनी आले. पहिले औषधाच्या बाजूने. जपानमधल्या इतो शहराजवळच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून विल्यम कॅम्बेल यांच्या चमूने आयव्हरमेक्टिन घडवले. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आले आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. कातडीखाली टोचलेले हे औषध रक्तातून किडीपर्यंत जाते. ते चाटून निघत नाही, आणि पंधरवड्याच्या अंतराने दोन-तीन मात्रांत लूत हटते. दुसरे वळण कायद्याच्या बाजूने. मुंबई महापालिकेने १९९४ मध्ये कुत्री मारणे थांबवले, १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नसबंदीचा मार्ग घालून दिला आणि २००१ मध्ये केंद्राचे श्वान जनननियंत्रण नियम आले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या नियमांचा हेतू संख्या आणि रेबीज आवरणे हा आहे, कातडीचे रोग हा नाही. तरी त्यांच्यामुळे एक गोष्ट घडली. कुणाचाच नसलेला कुत्रा प्रथमच सार्वजनिक खर्चाने धरला गेला, पिंजऱ्यात काही दिवस ठेवला गेला, तपासला गेला, कानाला खूण करून होता तिथेच परत सोडला गेला. त्या काही दिवसांत त्याच्या लुतीवर सुई टोचणे हे सहज साधण्यासारखे काम झाले, आणि ज्या केंद्रांत डॉक्टर मनापासून काम करतात तिथे ते होते. कान कापलेली आणि अंगावर नवे केस आलेली कुत्री पाहिली की हात मिळाल्याने काय बदलते ते कळते.

सुईलाही कुत्रे धरावे लागते. २०१३-१४ नंतर आयसोक्साझोलिन गटातल्या, चघळून खायच्या गोळ्या आल्या आणि ती अडचणही बरीचशी सरली. एक गोळी तिच्या प्रकाराप्रमाणे महिनाभर किंवा बारा आठवडे पिसवा, गोचिडी आणि लुतीच्या किडी मारत राहते. ती भाकरीच्या तुकड्यात घालून देता येते. ज्या घासाने शतकानुशतके फक्त पोट भरले, तोच आता औषध घेऊन जाऊ शकतो. आपल्या चालीरीतीला आता आपला स्वभाव बदलण्याचीही गरज उरलेली नाही. मात्र ही गोळी सल्ल्याविना वाटण्याची वस्तू नाही. ती कुत्र्याच्या वजनावर ठरते, फेफरे येणाऱ्या कुत्र्याला ती जपून द्यावी लागते, फार लहान पिलांना चालत नाही. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणे तर घातक ठरू शकते, विशेषत: कोली जातीच्या आणि त्यांच्या संकरातल्या कुत्र्यांना, कारण त्यांच्यातल्या एका जनुकीय दोषामुळे औषध मेंदूत शिरते.

तिसरा आक्षेप नव्या वस्तीतून येतो. मालक आहे, हात आहे, पशुवैद्य फोनवर आहे, तरी इमारतीतले लॅब्रेडॉर आणि पग वर्षभर खाजवतात. मग हाताचा सिद्धांत कुठे राहिला? उत्तर असे की ती खाज वेगळी आहे. घरातल्या धुळीतल्या किडी, परागकण, क्वचित अन्नातले एखादे प्रथिन यांची ती अ‍ॅलर्जी असते, बहुधा वयाच्या एक ते तीन वर्षांत सुरू होते आणि या जातींत ती पिढीजात उतरते. तिच्यावर कायमचा उतारा नाही. २०१३ नंतर आलेल्या ओक्लासिटिनिबसारख्या गोळ्यांनी ती ताब्यात ठेवता येते. इथे हात आहे पण रोग हट्टी आहे. रस्त्यावर रोग सोपा आहे आणि हात नाही. बरा होणारा रोग न हटणे आणि न बरा होणारा रोग काबूत असणे, हे एकाच गावात शेजारी शेजारी दिसावे, याहून ठोस पुरावा माझ्या म्हणण्याला मिळणार नाही.

आणि शेवटचा आक्षेप, जो सर्वांत जास्त ऐकू येतो: माणसांचेच दवाखाने अपुरे असताना कुत्र्याच्या कातडीवर खर्च कशाला, उचलून न्या म्हणजे झाले. चाव्यांची आणि रेबीजची भीती खोटी नाही, आणि मुलांना चावणाऱ्या कुत्र्यावर इलाज व्हायलाच हवा. पण नेलेल्या कुत्र्याची जागा शेजारच्या गावातले दुसरे घेते, आणि सोबत त्याची लूतही येते. ही कीड माणसालाही लागते. माणसाच्या अंगावर ती फार दिवस टिकत नाही, तरी हातांवर आणि पोटावर पुरळ उठते, आणि कुत्रे बरे झाल्याशिवाय ते पुन:पुन्हा उठत राहते. लुतीचे कुत्रे बरे करणे हा त्या आळीच्या आरोग्याचाच भाग आहे. खर्चही मोठा नाही: एका आळीच्या चार-सहा कुत्र्यांच्या गोळ्यांना एका बारशाच्या मंडपाइतका पैसा लागत नाही.

२०२३ च्या नियमांनी कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा ठरवण्याचे काम स्थानिक संस्थांवर आणि रहिवासी संघांवर टाकले आहे. नेऱ्यातली आळी असो की नव्या इमारतींची सोसायटी, त्या जागेवर रोज येणारी कुत्री ओळखीची असतातच. त्यांतल्या एकाची जबाबदारी एका घराने घ्यावी, नाव घालून, वहीत लिहून. इंजिन ऑइलचा डबा बाजूला ठेवा. कानाच्या कडा आणि कोपरे बघा, फोटो काढून पशुवैद्याला दाखवा, वजनाचा अंदाज त्यांच्याकडूनच करून घ्या. एका कुत्र्याला नव्हे, त्याच्यासोबत झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्या. आणि पुढच्या मात्रेची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवा. लूत परत येते ती बहुतेक वेळा ती तारीख चुकल्यामुळे.